कथेच्या पोटातली कथा: लोकप्रिय कथांतील आदिबंध कसे वाचावेत

मानसशास्त्राच्या अभ्यासकाला सर्वांत जास्त काही देणारी कादंबरी कोणती, या प्रश्नाचे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्टाव युंग यांनी १९३० सालच्या एका निबंधात दिलेले उत्तर अभिजात साहित्याच्या चाहत्यांना काहीसे खट्टू करणारे आहे. ज्या कादंबरीत लेखकाने पात्रांच्या मनाची उकल स्वतःच करून ठेवलेली असते, तिथे अभ्यासकासाठी फारसे काही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उलट ज्या कथेत लेखक मनाविषयी अवाक्षर काढत नाही आणि केवळ साहस, पाठलाग, गूढ असे रंगवत जातो, त्या कथेत नेणिवेतील, म्हणजे मनाच्या आपल्याला न जाणवणाऱ्या भागातील, सामग्री जशीच्या तशी हाती लागते. उदाहरणादाखल त्यांनी रायडर हॅगर्ड आणि आर्थर कॉनन डॉयल यांची नावे घेतली. म्हणजे पंडितांपेक्षा सर्वसामान्य वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या लेखकांची. लोकप्रिय कथा, चित्रपट किंवा मालिका गंभीरपणे वाचू पाहणाऱ्याला याहून चांगली मुभा मिळणे कठीण आहे.

मात्र मुभा मिळाली म्हणून पद्धत आपोआप येत नाही. या प्रकारच्या वाचनात नवशिक्या अभ्यासकाकडून हमखास होणारी चूक म्हणजे चिठ्ठ्या चिकटवणे: हा खलनायक म्हणजे ‘छाया’, हा म्हातारा म्हणजे ‘ज्ञानी वृद्ध’, ही गुहा म्हणजे ‘मातृगर्भ’, आणि संपले. अशा चिठ्ठ्यांनी कथेविषयी काहीच नवे कळत नाही, कारण त्या कोणत्याही कथेला चिकटतात. पुढे दिलेली पद्धत याच्या उलट दिशेने जाते. कथेला आपल्या घटनाक्रमासाठी जेवढे लागते त्यापेक्षा तिच्यात जे जास्तीचे आहे, तिथून वाचनाला सुरुवात करायची आणि आदिबंधाचे, म्हणजे सर्व माणसांच्या मनात समान असलेल्या मूळ साच्याचे, नाव अगदी शेवटी, तेही गरज पडली तरच, उच्चारायचे.

आधी तीन शब्द

युंग यांच्या मते माणसाच्या नेणिवेचा एक थर त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून घडलेला असतो, तर त्याखाली असा एक थर असतो जो सर्व माणसांना समान आहे. या खालच्या थराला त्यांनी सामूहिक नेणीव म्हटले आणि त्यातील रचनातत्त्वांना आदिबंध. आदिबंध हा शब्द त्यांनी १९१९ पासून वापरला. त्याआधी ते ‘आदिप्रतिमा’ अशा अर्थाचा शब्द वापरत असत, आणि हा बदल महत्त्वाचा आहे. प्रतिमा दिसते, आदिबंध दिसत नाही. युंग यांनी यासाठी स्फटिकाची उपमा दिली आहे: द्रावणात स्फटिक कोणत्या आकारात जमेल हे ठरवणारी रचना असते, पण स्फटिक जमण्यापूर्वी ती कुठेही दाखवता येत नाही. म्हणून कथेत आपल्याला भेटतो तो ‘आई’चा आदिबंध नसतो, भेटते ती एखादी विशिष्ट सावत्र आई, चेटकीण किंवा परी. तिच्या विशिष्टपणाकडे दुर्लक्ष करून थेट ‘आई’वर उडी मारणे म्हणजे स्फटिक फेकून देऊन उपमा जपून ठेवण्यासारखे आहे.

तिसरा शब्द प्रतीक. युंग चिन्ह आणि प्रतीक यांत फरक करतात. चिन्ह आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते. प्रतीक अशा गोष्टीला रूप देते जी दुसऱ्या कोणत्याही प्रकारे अजून नीट सांगता आलेली नाही. ‘पाणी म्हणजे नेणीव’ असे समीकरण मांडले की पाणी प्रतीक राहत नाही, चिन्ह होते, आणि कथा कोड्यासारखी सुटून निकामी होते.

सरावासाठी एक कथा

पद्धत हवेत समजत नाही, म्हणून ग्रिम बंधूंच्या संग्रहातील ‘तीन पिसे’ ही कथा सोबत घेऊ. प्रचलित क्रमात ती ६३ वी आहे. एका राजाला तीन मुलगे असतात. दोघे हुशार, तिसरा अबोल आणि भोळसट, इतका की त्याचे नावच ‘बावळ्या’ पडलेले असते. राजा म्हातारा होतो, मरणाचा विचार करू लागतो, आणि राज्य कोणाला द्यावे हे त्याला ठरवता येत नाही. जो सर्वांत सुंदर गालिचा आणील तो राजा, असे तो जाहीर करतो आणि भांडण नको म्हणून तीन पिसे हवेत फुंकतो: जिकडे पीस, तिकडे मुलगा. एक पीस पूर्वेला जाते, एक पश्चिमेला, आणि तिसरे सरळ उडून जवळच खाली पडते. भाऊ हसत निघून जातात. बावळ्या पिसापाशी उदास बसतो आणि त्याला पिसाशेजारीच जमिनीत एक झडप दिसते. खाली पायऱ्या, मग दार, दाराआड एक मोठी लठ्ठ बेडकी आणि तिच्याभोवती पुष्कळ पिल्ले. ती त्याला अप्रतिम गालिचा देते. थोरले भाऊ मात्र ‘हा काय आणणार’ म्हणून पहिल्या भेटलेल्या धनगरणीच्या अंगावरची जाडीभरडी वस्त्रे घेऊन परततात. भाऊ हट्ट धरतात, म्हणून दुसरी परीक्षा होते, अंगठीची. भाऊ जुन्या गाडीच्या कड्याचे खिळे ठोकून काढतात आणि ते कडेच आणून देतात. तिसरी परीक्षा सर्वांत सुंदर स्त्री आणण्याची. बेडकी बावळ्याला पोखरलेला पिवळा कंद देते, त्याला सहा उंदीर जुंपलेले. त्यात एक पिल्लू ठेवताच पिल्लाची सुंदर तरुणी होते, कंदाची बग्गी आणि उंदरांचे घोडे. भाऊ वाटेत भेटलेल्या पहिल्या शेतकरणी घेऊन येतात. शेवटी भावांच्या आग्रहाखातर दरबारात मधोमध टांगलेल्या कड्यातून तिन्ही स्त्रियांना उडी मारायला सांगतात. शेतकरणी धडपडून हातपाय मोडून घेतात, बेडकीची लेक हरिणीसारखी पार जाते, आणि बावळ्याला मुकुट मिळतो.

पहिली पायरी: कथा आठवणीतून लिहावी

वाचून किंवा पाहून झालेली कथा एक दिवस बाजूला ठेवावी आणि मग मूळ न पाहता दहा-बारा ओळींत लिहून काढावी. त्यानंतर ती मुळाशी ताडून पाहावी. आपण काय गाळले, काय बदलले आणि काय पदरचे घातले, याची नोंद करावी. ही नोंद म्हणजे परीक्षेतील चुकांची यादी नव्हे. कथेतील कोणत्या जागी आपल्या मनाने हात घातला, याचा तो पुरावा असतो.

अशा चुका एकेकट्याच्याच नसतात. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीत शास्त्रज्ञाचे नाव फ्रँकेनस्टाईन आहे आणि त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच दिलेले नाही, तरी जगभर लोक त्या प्राण्यालाच फ्रँकेनस्टाईन म्हणतात. जाणकार हे ऐकून वैतागतात. मला मात्र ही चूक कादंबरीवरील सर्वांत मार्मिक भाष्य वाटते: निर्मात्याने नाकारलेल्या प्राण्याला वाचकांनी परस्पर निर्मात्याचे नाव देऊन टाकले.

दुसरी पायरी: जास्तीच्या जागा हेराव्यात

आता कथेच्या प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा: हे नसते तर कथा अडली असती का? जिथे उत्तर ‘नाही’ असे येते आणि तरीही तो तपशील मनातून जात नाही, ती जागा वहीत उतरवावी. कारण न देता घातलेली बंधने (ते एकच दार उघडू नकोस, मागे वळून पाहू नकोस), प्रसंगाच्या मानाने अतोनात मोठी भावना, पुन्हापुन्हा येणारी वस्तू, अचानक बोलू लागणारा प्राणी, पात्राने अडखळून बोललेले एखादे वाक्य, अशा जागा बहुधा फलदायी ठरतात. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ऑटो यांनी १९१७ साली धर्मानुभवातील भय आणि ओढ एकत्र असलेल्या भावनेला एक स्वतंत्र संज्ञा दिली होती आणि ती युंग यांनी आदिबंधांच्या अनुभवासाठी उचलली. घाबरवणारी आणि तरीही सोडवत नाही अशी जागा कथेत आली की समजावे, इथे थांबायचे आहे.

‘तीन पिसे’मध्ये माझ्या वहीत चार जागा आल्या. तिसऱ्या पिसाला दूर जायला काय हरकत होती? बेडकीभोवती इतकी पिल्ले कशाला? भाऊ वाईट का नाहीत, नुसते आळशी का आहेत? आणि चौथी, जी मला तिसऱ्या वाचनापर्यंत दिसलीच नव्हती: या कथेत कडे तीनदा येते. बोटातली अंगठी, गाडीचे कडे आणि दरबारात टांगलेले कडे. घटनाक्रमाला यातील एकच पुरे होते.

तिसरी पायरी: सांगाडा मोकळा करावा

अर्थाकडे वळण्यापूर्वी रचना पाहिलीच पाहिजे, नाहीतर जे सगळ्याच कथांत असते तेच या कथेचे गुपित म्हणून आपण मिरवू लागतो. यासाठी रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांचे १९२८ सालचे काम अजूनही सर्वांत उपयोगी आहे. त्यांनी शंभर रशियन परीकथा तपासून दाखवले की पात्रे आणि सजावट कितीही बदलली तरी कथेत घडणाऱ्या कार्यांची संख्या ३१ च्या पुढे जात नाही आणि त्यांचा क्रमही बराचसा ठरलेला असतो. कार्ये पार पाडणाऱ्या भूमिका सातच: खलनायक, दाता, साहाय्यक, जिचा शोध घेतला जातो ती राजकन्या आणि तिचा पिता, कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक.

पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे भूमिका आणि उजवीकडे पात्रे लिहावीत. एका पात्राकडे दोन भूमिका असू शकतात, एखादी भूमिका रिकामीही राहते, आणि खरी माहिती बहुतेक वेळा या रिकाम्या किंवा दुहेरी जागांतच दडलेली असते. आपल्या कथेत राजा धाडणारा आहे, बेडकी दाता आहे, भाऊ तोतया नायक आहेत. खलनायकाची जागा मात्र कोरी राहते. प्रॉप यांच्या मांडणीत याची सोय आहे: कथेची गाडी एकतर दुष्कृत्याने सुरू होते किंवा कसल्यातरी उणिवेने. म्हणजे ‘तीन पिसे’ ही उणिवेची कथा आहे. उणीव कशाची, हे मात्र ती सांगत नाही. वारस ठरत नाही एवढेच ती बोलते.

चौथी पायरी: माणसे मोजावीत

ही पायरी फार साधी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती वगळतात. कथेच्या पहिल्या दृश्यात कोण कोण आहे आणि शेवटच्या दृश्यात कोण कोण आहे, हे मोजावे. युंग यांच्या सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ परीकथांच्या वाचनात ही मोजणी आवर्जून करत आणि ‘तीन पिसे’ हे त्यांचे आवडते उदाहरण होते. आरंभी राजा आणि तीन मुलगे: चार पुरुष, राणीचा उल्लेखही नाही. राणी वारली असेही कथा म्हणत नाही. जणू ती कधी नव्हतीच. शेवटी दरबाराच्या मध्यभागी एक स्त्री उभी आहे आणि तिच्यामुळेच राज्याचा निकाल लागतो. सांगाड्यात सापडलेली उणीव आणि मोजणीत सापडलेली गैरहजेरी एकमेकींना येऊन मिळतात. राज्याला वारस मिळत नाही, कारण राज्यात काहीतरी अनुपस्थित आहे आणि अनुपस्थित असल्याचे कोणाच्या ध्यानातही नाही.

युंग यांची भरपाईची कल्पना इथे कामाला येते. जाणिवेची बाजू एकांगी झाली की नेणीव उरलेली बाजू पुढे करते, असे त्यांचे मत होते. स्वप्नांप्रमाणेच कथाही एखाद्या समाजाच्या एकांगीपणाची भरपाई करत असतात. म्हणून लोकप्रिय कथा वाचताना ‘ही कथा काय सांगते’ याबरोबरच ‘ती ज्यांनी उचलून धरली त्यांच्या जागेपणी काय कमी पडत होते’ हा प्रश्न विचारायला हवा. ज्या काळात सगळे जण हिशेबी आणि सावध असतात, त्या काळात गर्दी कोणत्या नायकाला होते, हे प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून तपासून पाहावे.

पाचवी पायरी: पात्रांना एकाच मनाचे भाग समजून पाहावे

आता, आणि आताच, युंग यांची पात्रावली हाताशी घ्यावी. जगाला दाखवण्यासाठी धारण केलेला मुखवटा; आपणच नाकारलेल्या गुणदोषांची छाया; पुरुषाच्या मनातील स्त्रीरूप आणि स्त्रीच्या मनातील पुरुषरूप; वाट दाखवणारा वृद्ध; नियम मोडून कोंडी फोडणारा विदूषक-ठक; आणि या सगळ्यांना सामावून घेणारे पूर्ण ‘स्व’. लोकप्रिय कथेत या सर्वांत छाया सर्वांत जास्त राबवली जाते आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते, म्हणून तिच्यापाशी थोडे रेंगाळणे भाग आहे.

नायकाचा शत्रू म्हणजे छाया, हे समीकरण खोटे आहे. वादळ, रोगाची साथ किंवा लोभी सावकार नायकाला कितीही छळत असले तरी ते त्याची छाया ठरत नाहीत. छाया ओळखण्यासाठी मी तीन कसोट्या वापरतो. दोघांकडे एकच कौशल्य आहे का? दोघांची जखम एकच आहे का? आणि नायकाला त्या पात्राविषयी कारणापेक्षा जास्त चीड येते का? यातील तिसरी कसोटी सर्वांत बोलकी आहे, कारण जे स्वतःत आहे आणि मान्य नाही तेच माणसाला परक्यात सर्वांत जास्त खुपते. ‘आपण दोघे सारखेच आहोत’ असे खलनायकाच्या तोंडून वदवून घेणे हा याचा स्वस्त पर्याय आहे. जे वाक्य पात्राने बोलून टाकले ते नेणिवेत उरत नाही.

या तिन्ही कसोट्यांना पूर्ण उतरणारी जोडी शोधायला फार दूर जावे लागत नाही. कर्ण आणि अर्जुन दोघेही धनुर्धर, दोघेही एकाच आईचे, एक पित्याच्या नावाने ओळखला जाणारा आणि दुसरा त्या नावाला पारखा. अर्जुनाला जे जन्माने मिळाले तेच कर्णाला जन्माने नाकारले गेले. महाभारताने इथे जी क्रूर अचूकता दाखवली आहे, तिला तोड नाही: नाते अर्जुनाला कळते ते युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना, कुंतीच्या तोंडून. छाया मारून टाकता येते, पण मारल्यानंतर ती भाऊ निघते. हे वाक्य मांडताना कर्णाला ‘छाया’ म्हणण्याची गरजसुद्धा पडत नाही, आणि नेमके असेच वाचन साधले पाहिजे.

हेच तत्त्व एकाच शरीरात कोंडले की रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची १८८६ सालची, सभ्य डॉक्टर जेकिल आणि त्याचेच दुष्ट रूप हाईड यांची गोष्ट तयार होते. तिथे हाईड जेकिलपेक्षा आकाराने लहान आहे, हा तपशील सहसा विसरला जातो, आणि कित्येक रूपांतरांत हाईड धिप्पाड राक्षस होऊन येतो. मूळ कथेचे म्हणणे वेगळे आहे: आयुष्यभर न वापरलेला भाग खुरटलेलाच असणार.

‘तीन पिसे’त छाया कोण? चटकन उत्तर येते, बेडकी. ती जमिनीखाली राहते, किळसवाणी आहे. पण नायकाला तिची किळस येतच नाही, तो सरळ आपले मागणे मांडतो. कसोटी नापास. राजा आणि हुशार मुलगे यांच्या बाजूने पाहिले तर नाकारलेला भाग म्हणजे खुद्द बावळ्याच आहे. म्हणजे ही कथा छायेला नायक करून सांगितलेली आहे. तिच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तळघर भयानक राहत नाही. धाकट्या, वेंधळ्या, दुर्लक्षित नायकांच्या असंख्य कथा याच वळणाने जातात आणि त्यांचे आकर्षण बहुधा इथेच आहे.

वाटाड्या वृद्धाविषयी एवढेच: तो कथेच्या मध्यावर मरतो किंवा निघून जातो, कारण तो जवळ असेपर्यंत नायकाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागत नाही. तो जात नसेल तर त्याच्याकडे संशयाने पाहावे.

सहावी पायरी: प्रतिमेभोवती प्रदक्षिणा घालावी

जास्तीच्या जागांपैकी एक निवडावी आणि तिच्याभोवती फिरावे. फ्रॉइड यांच्या मुक्त साहचर्यात प्रतिमेवरून दुसरे काही आठवते, त्यावरून तिसरे, आणि माणूस प्रतिमेपासून दूर जातो. युंग यांनी विस्ताराची पद्धत सुचवली, तिच्यात दरवेळी परत मूळ प्रतिमेकडे यायचे असते. बेडूकच का, साप का नाही? बेडूक पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहतो, त्याचे रूप आयुष्यात पूर्ण पालटते, आणि तो ढिगाने अंडी घालतो. राणी नसलेल्या, वारस न ठरणाऱ्या कोरड्या दरबाराच्या अगदी खाली पिल्लांच्या गर्दीत बसलेली आई आहे. पिल्लांची ती अनावश्यक वाटणारी संख्या आता अनावश्यक राहत नाही.

कड्याचेही तसेच. भाऊ गाडीचे कडे आणतात तेव्हा त्यांच्याकडे आकार आहे, मोल नाही. अंगठीत आकार आणि मोल दोन्ही आहे, पण ती निर्जीव आहे. दरबारातील कड्याला काहीच मोल नाही. महत्त्व आहे ते त्याच्या मधल्या रिकाम्या जागेला, जिच्यातून जिवंत माणसाला अंग न आदळता पार जायचे आहे. गालिच्यापासून अंगठीपर्यंत आणि अंगठीपासून स्त्रीपर्यंत कथा वस्तूकडून जिवाकडे सरकत असते, आणि कडे तिच्याबरोबर सरकते.

प्रदक्षिणेत एक धोका आहे आणि तो युंग यांच्याच चरित्रात सापडतो. १९०९ साली फ्रॉइड यांच्याबरोबर अमेरिकेला जाताना त्यांना घराचे एक स्वप्न पडले: वर सजवलेला दिवाणखाना, खालचा मजला मध्ययुगीन, त्याखाली रोमन काळचे तळघर आणि सर्वांत खाली गुहेत हाडे व दोन कवट्या. फ्रॉइड यांचे लक्ष कवट्यांवर खिळले; कोणाच्या मृत्यूची इच्छा आहे, असे ते विचारत राहिले. युंग यांनी आत्मकथनात कबूल केले आहे की त्यांनी सुटका करून घेण्यासाठी ‘माझी पत्नी आणि मेहुणी’ असे खोटेच सांगितले. त्यांना स्वतःला त्या घराच्या मजल्यांत मनाचे थर दिसत होते. एका स्वप्नासमोर दोन अनुभवी माणसे बसली होती आणि दोघांनाही तेच दिसले जे त्यांच्या सिद्धान्ताला हवे होते. हा प्रसंग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

सातवी पायरी: उलटतपासणी

तयार झालेल्या अर्थाला आता विरोधी पक्षाच्या वकिलासारखे प्रश्न विचारावेत. हाच अर्थ दुसऱ्या दहा कथांना तसाच लागू पडत असेल तर तो या कथेचा अर्थ नाही. दुसऱ्या पायरीत नोंदवलेल्या जागांपैकी निम्म्याहून कमी जागांचा उलगडा त्यातून होत असेल तर तो अपुरा आहे. आणि कोणता तपशील सापडला असता तर हा अर्थ मोडला असता, हे सांगता येत नसेल तर तो अर्थ नसून श्रद्धा आहे.

त्यानंतर कथेच्या कागदपत्रांकडे वळावे. परीकथांतील दुष्ट सावत्र आई हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. लहान मूल आईचे दोन तुकडे करून चांगलेपणा मृत आईकडे आणि राग सावत्र आईकडे देते, असे एक प्रसिद्ध मानसशास्त्रीय स्पष्टीकरण आहे. परंतु ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई आहे. ती सावत्र झाली १८१९ च्या आवृत्तीत. जंगलात सोडलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या आईला ‘सावत्र’ होण्यासाठी १८४० पर्यंत थांबावे लागले. म्हणजे हे विभाजन मुलाच्या मनाने नव्हे, संपादकाच्या लेखणीने केले. यावर कोणी म्हणेल की संपादकाच्या मनातही तीच यंत्रणा चालली असेल. शक्य आहे, मात्र मग दावा मुलाविषयी न राहता संपादकाविषयीचा होतो, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

दुसरी शंका प्रवासाची. हरवलेल्या पादत्राणावरून ओळखल्या जाणाऱ्या मुलीची कथा चीनमध्ये नवव्या शतकात लिहिली गेली आणि फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी ती १६९७ साली छापली. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ५१० अ हा क्रमांक आहे. दोन दूरच्या ठिकाणी एकच कथा सापडली की आदिबंध सिद्ध झाला, असे म्हणण्याची घाई करू नये. कथा व्यापाऱ्यांबरोबर, सैनिकांबरोबर आणि दायांबरोबर चालत जातात. मात्र वाटेत हजारो कथा गळून पडल्या आणि हीच टिकली, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो, आणि माझ्या मते आदिबंधाची खरी हद्द तिथूनच सुरू होते.

ठरवून घातलेले आदिबंध

अलीकडच्या लोकप्रिय कथांसाठी एक जादा तपासणी लागते. पुराणकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली नायकाच्या प्रवासाचे १७ टप्पे मांडले. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला आणि जॉर्ज लुकास यांनी कॅम्बेल यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास हॉलिवूडमध्ये कथा तपासण्याचे काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी त्याच टप्प्यांचे आटोपशीर टिपण तयार केले आणि ते स्टुडिओंमध्ये हातोहात फिरले. तेव्हापासून पटकथेत वाटाड्या, उंबरठा आणि गुहा या गोष्टी पुष्कळदा आराखडा समोर ठेवून बसवल्या जातात. त्या शोधून काढण्यात काही हशील नाही. ते म्हणजे सुताराने ठोकलेला खिळा पाहून लाकडाला लोखंड फुटले असे म्हणणे आहे.

मग काय वाचायचे? आराखडा जिथे वाकला, ती जागा. मौरीन मर्डॉक यांनी १९९० साली स्त्रीच्या प्रवासाची वेगळी मांडणी केली ती याच कारणाने, की नायकाच्या साच्यात काही आयुष्ये बसेनात. पटकथेतही तसेच होते. सगळे टप्पे बरोबर घेणारी कथा एखाद्या किरकोळ पात्रापाशी उगाच थांबते, कॅमेरा एका बंद खोलीकडे पुन्हापुन्हा वळतो, विजयाच्या प्रसंगाला विनाकारण उदास संगीत लागते. अशा जागी लेखकाच्या हातून आराखडा सुटलेला असतो. त्या जागांपासून पुन्हा दुसरी पायरी सुरू करावी.

वहीचे शेवटचे पान

प्रत्येक कथेच्या शेवटी ‘उरलेले’ असे एक पान ठेवावे आणि ज्या जागांचा उलगडा झाला नाही त्या तिथे लिहाव्यात. ओढूनताणून त्यांना अर्थात बसवू नये. हे पान रिकामे असेल तर बहुधा वाचनात कुठेतरी दडपादडपी झालेली असते. ‘तीन पिसे’च्या माझ्या पानावर भाऊ आता नाहीत; आपल्या श्रमाचे माप ते प्रतिस्पर्ध्याच्या बावळटपणावर बेततात, वाईटपणाची त्यांना गरजच पडत नाही. पीसही नाही, ज्याला धाडायला दिशा उरली नव्हती त्यालाच पायाखाली पाहावे लागले. पोखरलेला पिवळा कंद मात्र अजून तिथेच आहे, त्याला जुंपलेल्या सहा उंदरांसकट.